तीन पायऱ्यांचं घर : गावातल्या राज्यमार्गाच्या उंचीचं एक प्रकरण

काकूंच्या घराला तीन पायऱ्या होत्या. शाळेत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिथं जायचो, तेव्हा सगळ्यात वरच्या पायरीवर बसून समोरून जाणारे ट्रक मोजायचो. आज त्या घरात जायचं तर रस्त्यावरून खाली उतरावं लागतं. घर खचलेलं नाही. सागवानी चौकट ओळंब्यात आहे, कडीपाट शाबूत आहे. वर गेला तो रस्ता.

गाव बडोद्याहून एसटीनं तासाभराच्या अंतरावरचं, तालुक्याचं. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मध्य गुजरातमधल्या कितीतरी गावांत हेच घडलेलं मी पाहिलं आहे. चुलत आजोबा गायकवाडीत वहिवाटदार (मामलेदार) कचेरीत कारकून म्हणून तिथं गेले आणि तिथलेच झाले. अजूनही आसपासचे लोक काकूंना ‘दक्षिणी काकी’ म्हणतात. काकूंचं वय आता ७४. मुलगा परदेशी असतो, घर तीन चुलतभावांच्या नावावर आहे आणि वाटणी झालेली नाही. वाटणीचा हा तपशील पुढं कामाला येणार आहे.

मी सिव्हिल इंजिनियर आहे, पण माझं सगळं काम इमारतींचं. पाया, कॉलम, स्लॅब. रस्ता या प्रकरणामुळे शिकलो.

गावातून जाणारा राज्यमार्गाचा तुकडा जेमतेम पावणेदोन किलोमीटरचा आहे. एका टोकाला जुनी भागोळ, म्हणजे गावाची वेस, दुसऱ्या टोकाला रेल्वेचं फाटक. गायकवाडांच्या काळात ही खडीची सडक होती. १ मे १९४९ ला बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, ११ वर्षांनी त्याच तारखेला गुजरात वेगळा झाला, आणि दोन्ही वेळा सडकेचा मालक बदलला. १९४३ च्या नागपूर योजनेनं देशातल्या रस्त्यांचे वर्ग ठरवले होते. १९५५ च्या बॉम्बे हायवेज ॲक्टनं राज्यमार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण मार्ग अशी वर्गवारी कायद्यात आणली, रस्त्याची हद्द आणि बांधकामाच्या रेषा आखण्याचा अधिकार सरकारला दिला. रुंदीचा विचार त्यात बारकाईनं आहे. मात्र रस्ता किती उंच असावा, हा प्रश्न कुणाला पडला असावा असं त्या कागदांत दिसत नाही.

काकूंच्या घरापासून पन्नासेक पावलांवर मैलाचा दगड आहे. राज्यमार्गाचा म्हणून त्याचं डोकं हिरवं. लहानपणी तो माझ्या कमरेपर्यंत यायचा. आता हिरवं डोकं तेवढं जमिनीवर आहे, गावाचं नाव आणि आकडा डांबरात गेला. रोज शेकडो लोक त्याच्या शेजारून जातात. मीही तीस वर्षं गेलोच की.

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस बडोद्यात विश्वामित्रीला पूर आला, ते दिवस शहरातलं कुणी विसरलेलं नाही. आम्हीही आमच्याच घरात अडकलो होतो. तिकडे काकूंच्या ओसरीत आणि माजघरात घोटाभर पाणी शिरलं. त्या दोन रात्री त्यांनी पलंगावर काढल्या. धान्याचे डबे, देव आणि काकांचा फोटो सगळं फळीवर ठेवून. पाणी ओसरल्यावर मी गेलो, तेव्हा सगळे एकच सांगत होते, की यंदा पूर होता, सगळीकडेच होतं. मलाही ते पटलं होतं. काकूंनी विचारलं, “अरे, या गावाला नदी कुठंय? तू इंजिनियर ना? मग हे पाणी आलं कुठून, ते सांग.”

नदी खरंच नाही. पाणी रस्त्यावरून आलं होतं.

हिशोब साधा आहे. रस्ता मध्ये उंच आणि दोन्ही कडांकडे उतरता असतो. डांबरी रस्त्याला जास्त पावसाच्या भागात साधारण अडीच टक्के उतार देतात. म्हणजे रस्त्याच्या अर्ध्या रुंदीवर पडलेलं सगळं पाणी काकूंच्या बाजूच्या घरांकडे येणार. अर्धा रस्ता आणि साइडपट्टी मिळून पाच मीटर रुंदी धरली, आणि त्या बाजूच्या ३०० मीटर लांबीवर तासाभरात दोन इंच पाऊस पडला, तर ७५ हजार लिटर पाणी होतं. दहा हजारांचे साडेसात टँकर, एका तासात. बडोद्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये असा तास येतो. हे पाणी गटारात जायला हवं. गटार होतं, पण त्याची तोंडं बंद होती. ती कशानं बंद झाली ते पुढं येईल. आणि गटारात न गेलेल्या पाण्याला सगळ्यात सखल जागा म्हणजे काकूंचा ओटा.

अस्मानी म्हणून सोडून द्यावं असं हे संकट नव्हतंच.

रस्ता नेमका किती वर आला, हे सांगायला गावात कुणाकडे आकडा नव्हता. तो आकडा आम्हाला त्याच हिवाळ्यात मिळाला. पाण्याची नवी लाइन टाकायला रस्त्याच्या कडेनं चर खणला होता. मी सकाळी पोहोचलो तेव्हा जेसीबी पुढं गेला होता आणि चराची उभी भिंत उघडी होती. मी टेप आणि वही घेऊन आत उतरलो. तळाशी गायकवाडी खडीचा थर होता, हातानं फोडलेले मोठे दगड मुरमात दाबून बसवलेले. तो जुना रस्ता. त्याच्यावर अकरा थर वेगळे ओळखू आले.

सुरुवातीला खडीचे दोन थर, साडेसात-साडेसात सेंटिमीटरचे. रस्ता रुंद केला तेव्हाचे असावेत. मग दोन वेळा वीस मिलिमीटरचं पातळ डांबरी कार्पेट. मग दोन वेळा पाच सेंटिमीटर जाड डांबरी थर आणि त्यावर अडीच सेंटिमीटरचा बारीक थर. मग खड्डे सपाट करायला घातलेला एक वेडावाकडा थर, या ठिकाणी नऊ सेंटिमीटर भरला. आणि सगळ्यात वर पुन्हा पाच अधिक चार, नऊ सेंटिमीटर. बेरीज ५२ सेंटिमीटर.

काकूंच्या पायऱ्या सहा-सहा इंचांच्या होत्या. तीन पायऱ्या म्हणजे ४५ सेंटिमीटर. ५२ मधून ४५ गेले, उरले सात. ओटा रस्त्याच्या कडेपेक्षा बरोबर सात सेंटिमीटर खाली होता. चराच्या भिंतीवरची बेरीज आणि ओट्यावरचं माप असं जुळलं, तेव्हा त्या चरात उभा असताना माझ्या अंगावर काटा आला. कुणी एका माणसानं, एका दिवशी हे केलं नव्हतं. दर चार-पाच वर्षांनी कुणीतरी आपलं काम नीट केलं, बिल पास झालं, आणि एक घर आणखी थोडं खाली गेलं.

थर इतके का लागतात, यालाही कारण आहे. १९५८ ते १९६० मध्ये अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर रात्रंदिवस ट्रक फिरवून चाचण्या झाल्या. त्यातून निघालेला ढोबळ नियम आजही रस्त्याच्या डिझाइनमध्ये वापरतात : आसावरचा भार दुप्पट झाला की रस्त्याचं नुकसान सुमारे सोळापट होतं. आपल्याकडे २०१८ मध्ये चार टायरच्या एका आसाची कायदेशीर मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेली. वाढ तेरा टक्क्यांची, पण या नियमानं नुकसान ६० टक्क्यांच्या आसपास वाढतं. त्यात गावातून गाडी हळू जाते, ब्रेक मारते, थांबते; चाकाचा भार एकाच जागी जास्त वेळ राहतो. वर पाणी साचतं आणि डांबराची खडीवरची पकड सुटते. वाळूचे हायवा, म्हणजे मोठे डंपर, या रस्त्यानं वर्षानुवर्षं गेले. रस्ता उखडणारच होता. उखडला की वर नवा थर, हा सगळ्यात सोपा आणि स्वस्त उपाय. एस्टिमेटमध्ये लांबी, रुंदी आणि जाडी एवढंच लागतं. शेजारच्या घराचं जोतं किती उंचीवर आहे, हा रकानाच नाही.

या प्रकरणातला सगळ्यात अवघड भाग डांबरात नव्हता.

रस्ता वर येत गेला तसे लोक आपापल्या परीनं त्याच्याबरोबर वर गेले. काकूंच्या समोरची ओळ बहुतेक दुकानांची आहे. तिथल्या भाईंनी जुनी घरं पाडून नवी बांधली, जोतं नव्या रस्त्याच्या वर घेतलं, दारात लादीचा उतार काढला. ज्यांना बांधणं जमलं नाही त्यांनी आत भराव घालून फरशी वर घेतली. काकूंच्या ओळीत पाच घरं खाली राहिली : काकूंचं, ज्याची वाटणी झालेली नाही म्हणून बांधकामाची परवानगी मागायलाच कुणी पुढं येत नाही ते, दोन भाडेकरूंची, जिथं मालक खर्च करत नाही, एका विधवा बाईंचं, शिवणकामावर चालणारं, आणि एक कुलूपबंद. म्हणजे ज्याला ऐपत नाही, ज्याच्या कागदावर घोळ आहे, किंवा जो एकटा आहे, त्याच्याच दारात पाणी.

काकूंना मीही फरशी वर घ्या म्हणालो होतो. त्यांनी मला आतल्या दारात उभं केलं. जुन्या घराची दारं आधीच ठेंगणी. अर्धा मीटर भराव घातला तर चौकट मोडायची, नाहीतर आयुष्यभर वाकून चालायचं. “माझी कंबर पाहिलीस का?” एवढंच म्हणाल्या. त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

आता रस्ता कुणाचा, हे पाहू. सात-आठ वर्षांपूर्वी गावाबाहेरून बायपास झाला आणि लांबची वाहनं तिकडून जायला लागली. आतला पावणेदोन किलोमीटर कागदावर राज्यमार्गच राहिला. रस्त्याच्या खात्याला तो नगरपालिकेकडे द्यायचा आहे. पालिका म्हणते, आधी चांगला करून द्या, मग ठराव करू. गटार पालिकेचं, पण ते उभं आहे खात्याच्या जमिनीवर. विजेचे खांब तिसऱ्याचे. काकूंनी २०२४ च्या आधीही दोनदा अर्ज दिले होते. रस्त्यावाल्यांनी गटाराचं कारण सांगितलं, गटारवाल्यांनी रस्त्याचं. दोघंही खोटं बोलत नव्हते, आणि म्हणूनच त्या अर्जांचं काही झालं नाही.

या वेळी आम्ही तक्रार न लिहिता मापं लिहायची ठरवली. गवंडी वापरतात ती पारदर्शक प्लॅस्टिकची लेव्हल ट्यूब घेतली. नळीत पाणी भरलं की दोन्ही टोकांना पाण्याची पातळी सारखी राहते. फक्त आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. महादेवाच्या देवळाची दगडी पायरी कुणी हलवणार नाही म्हणून ती शून्य धरली. रविवारी सकाळी मी, शिवणकाम करणाऱ्या ताई, एका भाडेकरूचा अकरावीतला मुलगा आणि समोरचे किराणावाले भाई, असे चौघं दारोदार फिरलो. चाळीस उंबरठे, त्यांच्यासमोरची रस्त्याची कड, गटाराच्या स्लॅबची वरची बाजू, सगळं वहीत उतरवलं. मुलाच्या हे इतकं चटकन लक्षात आलं, की शेवटची पंधरा मापं त्यानंच घेतली.

गटाराचं कोडं त्यातच सुटलं. स्लॅब रस्त्याच्या कडेपेक्षा उंच होता, म्हणून पाणी आत जायला ठराविक अंतरावर भोकं ठेवलेली. दर वेळी डांबर टाकताना गरम माल त्या भोकांत गेला आणि रोलरनं तो ठासून बसवला. काही भोकं तर आम्हाला पहारीनं ठोकून शोधावी लागली.

जानेवारीत माहिती अधिकाराचा अर्ज टाकला, वीस रुपये फी भरून. तीस दिवसांच्या आत उत्तर आलं आणि त्यात आम्हाला हवं होतं ते होतं : येत्या उन्हाळ्यात याच तुकड्याचं नवं काम होतं. पाच सेंटिमीटरचा एक थर, त्यावर चारचा दुसरा. रस्ता आणखी नऊ सेंटिमीटर वर.

काकूंचा उंबरठा ओट्यापेक्षा दहा सेंटिमीटर उंच आहे. ओटा रस्त्याखाली सात, म्हणजे उंबरठ्याचा माथा रस्त्याच्या कडेपेक्षा तीन सेंटिमीटर वर. एवढाच काय तो बचाव होता. नऊची भर पडली असती तर उंबरठाच सहा सेंटिमीटर खाली गेला असता, आणि मग पाणी यायला पुराची गरज राहिली नसती.

गुजरातमध्ये २००३ पासून ‘स्वागत’ नावाची तक्रार निवारणाची व्यवस्था आहे, तिची बैठक तालुक्यातही भरते. तिथं आम्ही वहीची प्रत आणि एक मागणी दिली. वरचा नऊ सेंटिमीटर थर मिलिंग मशीननं खरवडून काढा आणि त्या जागी चारचाच नवा घाला. मिलिंग म्हणजे दातेरी ड्रमनं रस्ता हव्या तेवढ्या खोलीपर्यंत कापणं. निघालेला माल पट्ट्यावरून थेट डंपरमध्ये पडतो आणि त्यातली खडी-डांबर पुन्हा वापरता येतं. हे काही नवं तंत्र नाही. तामिळनाडूत २०२१ मध्ये मुख्य सचिवांनी आदेशच काढला होता, की जुना थर खरवडल्याशिवाय नवा टाकायचा नाही, म्हणजे घरांत पाणी जाणार नाही.

खात्याचे डेप्युटी साहेब त्या दिवशी नव्हते. पंधरा दिवसांनी स्वतः आले. त्यांच्या तीन अडचणी होत्या आणि तिन्ही खऱ्या होत्या. मिलिंग एस्टिमेटमध्ये नव्हतं. पावणेदोन किलोमीटरसाठी मशीन आणणं महाग. आणि थर कमी केला तर रस्ता टिकेल का?

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात केली. बायपास झाल्यापासून इथं चालतं काय? दुचाकी, छकडे, ट्रॅक्टर, एसटी, दुकानांना माल आणणारे टेम्पो. खाली अर्धा मीटर जुनं भरीव काम आहे. हायवांसाठी केलेलं डिझाइन आता छकड्यांसाठी कशाला? साहेबांनी वही दोनदा वाचली. मग म्हणाले, पाच सेंटिमीटरचा खालचा थर वगळला तर त्या पैशांत मिलिंग बसू शकेल, बघतो.

आणि तेव्हा समोरची ओळ आडवी आली. ज्यांनी जोतं रस्त्याच्या वर घेतलं होतं, त्यांच्या दारातले लादीचे उतार रस्त्याला टेकलेले. रस्ता पाच सेंटिमीटर खाली गेला तर प्रत्येक दुकानासमोर पायरी तयार होणार, हातगाडी चढणार नाही, माल उतरवायची पंचाईत. आमच्याबरोबर मापं घेणारे किराणावाले भाईच म्हणाले, “काकी, तुमचं पाणी मला दिसतं. पण माझा उतार मी गेल्या वर्षीच केलाय.” त्यांचं चुकत नव्हतं. वर चढणाऱ्या रस्त्यानं त्यांनाही खर्चात घातलं होतं, आणि आता उतरणारा रस्ता पुन्हा घालणार होता. देवळाच्या धर्मशाळेत दोन बैठका झाल्या, पहिलीत आवाज चढले. दुसरीत काकू स्वतः आल्या. भांडल्या नाहीत. भाईंच्या आई आणि काकू एकाच विहिरीवर पाणी भरायच्या, त्या दिवसांचं काहीतरी बोलल्या. मग म्हणाल्या, मला पाच नको, पण वर आणू नका.

तडजोड झाली ती अशी. पाच सेंटिमीटर खरवडायचं, चार घालायचं. रस्ता एक सेंटिमीटर खाली.

काम मे महिन्यात चार रात्रींत झालं. मशीन पहाटे दोनला काकूंच्या दारासमोर आलं, तेव्हा त्या ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या होत्या. मी आदल्या संध्याकाळीच पोहोचलो होतो, कारण मला भोकांची काळजी होती. अकरावीतल्या मुलानं आणि त्याच्या मित्रांनी गटाराच्या प्रत्येक भोकावर पांढऱ्या रंगानं खूण केली होती आणि आत वाळू भरलेल्या सिमेंटच्या गोण्या ठासल्या होत्या. रोलर गेला, माल थंड झाला, मग गोण्या उपसून काढल्या. २३ भोकं उघडी राहिली. पालिकेनं त्यानंतर गटाराचा गाळ काढला. त्यासाठी मात्र तीनदा जावं लागलं.

जुलैतल्या एका संध्याकाळी बडोद्यात धो-धो पाऊस सुरू झाला, तसा मी काकूंना फोन लावला. लागला नाही. साडेदहाला त्यांचाच आला. ओटा ओला झाला होता, पाणी उंबरठ्याला लागून गेलं, आत आलं नव्हतं. मागं कुणीतरी भोकांत काठी घालून पालापाचोळा काढत असल्याचा आवाज येत होता.

ओटा अजूनही रस्त्यापेक्षा सहा सेंटिमीटर खाली आहे. कुलूपबंद घरात पाणी गेलंच, तिथं उंबरठाच कुजलेला आहे. राज्यमार्ग पालिकेकडे गेलेला नाही. ज्या दिवशी बायपास बंद पडेल आणि हायवा पुन्हा आतून जातील, त्या दिवशी हा चार सेंटिमीटरचा थर किती टिकेल याची मला खरी चिंता आहे, आणि ती मी साहेबांना लेखी कळवली आहे. पाच घरांच्या जोत्याची उंची एस्टिमेटला जोडावी, असंही त्यात लिहिलं आहे. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

पुढचं काम चार-पाच वर्षांनी निघेल. तोवर डेप्युटी साहेब बदललेले असतील. म्हणून ओट्याच्या कोपऱ्यात एक पितळी खिळा ठोकला आहे. देवळाच्या पायरीपासून तो किती खाली आहे आणि रस्त्याची कड त्याच्यापेक्षा किती वर आहे, हे दोन आकडे चार वह्यांत लिहिले आहेत. एक माझ्याकडे, एक शिवणकाम करणाऱ्या ताईंकडे, एक त्या मुलाकडे, आणि एक समोर, किराणावाल्या भाईंच्या गल्ल्यात.